नग एक

कणकुंबीच्या नाक्यावर एकवीस वर्षं
मी ट्रकांची पोटं उघडून बघितली.
काजू, खारं, नारळाखाली दडवलेल्या बाटल्या.
एका रात्री ताडपत्री उचलली तर
आतून एक कुत्रा माझ्याकडे बघत होता.
भुंकला नाही.
पावतीवर लिहिलं : जुनं लाकडी सामान, अंदाजे.
चिनीमातीचा कुत्रा, नग एक.
'कुठून' या रकान्याशी पेन अडलं.
ड्रायव्हर म्हणाला, लिवा की मडगाव.
लिहिलं.

महिन्याभरात तोच
बेळगावात, कॅम्पातल्या दुकानात
माझ्या दोन पगारांएवढा उभा.
घेतला.
बायको म्हणाली,
खऱ्याला निदान शिळी भाकरी तरी घातली असती.

वीतभर उंच. तांबूस केस,
एकेक वेगळा ओढलेला.
गळ्यात हिरवा पट्टा, पट्ट्याला घुंगरू,
त्याचा आवाज भट्टीतच राहिला.
डोळे मात्र माणसाचे.
ज्यानं घडवला त्यानं
असला कुत्रा जन्मात पाहिला नसावा.
कुणी परक्यानं कागदावर काढून दिला असेल
बसलेला, समोरून.
शेपटी कागदावर नव्हती,
म्हणून त्यानं आपल्या अंगणातल्या डुकराची लावली.

मग कापराच्या लाकडाची पेटी आली.
तिच्यात ठेवलेल्या पेन्शनच्या कागदांना
अजून सर्दीच्या औषधाचा वास येतो.
मग हातांवर ड्रॅगन कोरलेली खुर्ची,
एका पायाने अधू.
गुरुपादाप्पा बडिगेरानं ती उलटी केली,
नखानं खरवडली, हुंगली,
म्हणाला, इदु नम्म कडेदु अल्ल.
आणि फणसाचा पाय बसवून दिला.
बसलं की चौघे कुरकुरतात.

दुकानदार म्हणाला होता, हे जोडीनंच येतात.
शेकोटीवरच्या फळीच्या दोन टोकांना.
एक डावीकडे बघतो, एक उजवीकडे.
तुमचा डावा.
आठ वर्षं मी उजवा शोधला.
सावंतवाडी, म्हापसा, धारवाडचा एक लिलाव.
हत्ती सापडले, पोपट सापडले,
मान तुटलेला एक बगळा घ्यावा लागला.

तो खानापुरात होता.
एस्कोलास्टिका डिकुन्हा यांच्या मागच्या दाराशी,
दाराला टेकून.
वाऱ्यानं दार आपटतंय, म्हणून बसवलाय,
सासऱ्याच्या वेळेपासनं, त्या म्हणाल्या.
घुंगरावर चुना. एक कान उडालेला.
मी करदंटाचा डबा पुढे केला,
मग टॉवेल सोडून
माझा त्याच्या शेजारी ठेवला.

दोघंही डावीकडेच बघत होते.

बाई हसल्या, खोकला येईस्तोवर.
ह्ये दोघं पण नवरेच की हो!
मग डोळे पुसून, अगदी सरळ विचारलं,
विकताय काय तुमचा? पलीकडचं दार पण आपटतंय.
आठ वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारला.
मला कुणी विचारला तर काय म्हणायचं
हे ठरवलं नव्हतं.
कॉफी प्यालो.
डावीकडे काय आहे म्हणून पाहिलं :
न्हाणीघर, एक पपई,
दोरीवर मिठाच्या पाण्यातनं काढलेला झगा.

परतीच्या बसमध्ये टॉवेल मांडीवर.
नाके उठले आता, वाटेत कुणी थांबवत नाही.
कंडक्टरनं गाठोड्याकडे बोट केलं,
एनु अदु?
म्हटलं, नायी.
हंगादरे अदक्कू टिकीट, असं म्हणून
तो हसलाही नाही.
मी अर्धं मागितलं. दिलं.

घरी येऊन बघितलं.
खानापूर ते बेळगाव.
नग एक.